सलग दात

१

धाकटीचं पोट दातांवर चालायचं, आणि तरी दुसऱ्याचं ओलं तोंड तिला बघवत नसे. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि त्यावरून तिची भरपूर थट्टा व्हायची. शहरातले चार-पाच दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन तिच्या लॅबमध्ये पाठवत. ती त्यात प्लास्टर ओतून साचा काढी आणि साच्यावर कवळी बेतून देई. प्लास्टरचे दात पांढरे, कोरडे, खडूसारखे. त्यांना वास नाही, थुंकी नाही. एवढं येतं तर डॉक्टर का नाही झालीस, असं कुणी विचारलं की ती म्हणे, मला दात आवडतात, तोंडं नाही.

तिच्या ताईचं बरोबर उलटं. ताई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्याची मुख्य होती. चादरींवर काय काय येतं ते ती जेवताना सांगू शकायची, आणि सांगायची. धाकटी ताट सरकवून उठायची आणि भावजी हसून हसून बेजार व्हायचे. भावजी मोटार चालवायला शिकवत. शिकणाऱ्याच्या शेजारी, पायाखाली दुसरा ब्रेक घेऊन त्यांनी आयुष्य काढलं होतं, आणि आयुष्यभर बडबड केली होती. समोरच्याची भीती बोलण्याने जाते, असं त्यांचं म्हणणं.

ताई-भावजींच्या लग्नाला बावीस वर्षं झाली म्हणून ही सहल निघाली. प्रवाळाचं एक छोटं बेट, त्यावर तंबू ठोकून चार दिवस राहायचं आणि उथळ पाण्यात नळी लावून मासे बघायचे. तिघांनीच. नवरा-बायकोच्या सहलीत माझं काय काम, असं धाकटी म्हणाली होती. पण तू नसलीस तर हे दिवसभर माझ्याशीच बोलतील, असं म्हणून ताईने तिला ओढून आणलं.

नावाड्याने त्यांना सकाळी बेटावर उतरवलं. बेट केवढं, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा मिनिटांची चाल. मध्ये थोडी खुरटी झाडं, बाकी सगळी पांढरीशुभ्र वाळू. नावाड्याने नियम सांगितले. जे आणाल ते परत न्यायचं, काही म्हणजे काही मागे ठेवायचं नाही; पोटातलंसुद्धा नाही. त्यासाठी त्याने झाकणाचं एक निळं पिंप झाडांच्या आड ठेवलं, आणि त्यात वाळू भरायची नाही असंही बजावलं. भावजींनी वाळू मुठीत घेऊन काय सुंदर आहे म्हटलं, तर तो म्हणाला, “ही माशांची घाण आहे, साहेब. रात्री स्वतःभोवती चिकट साय सोडून तीत झोपतात ते. चोचीसारखे दात असतात त्यांना. खडक चावून खातात, घशात दळतात आणि मागून हे टाकतात. सगळं बेट तसंच झालंय.”

धाकटीने पायात चपला घातल्या आणि चार दिवस काढल्या नाहीत.

२

कामं वाटली गेली. ताईकडे स्टोव्ह, भावजींकडे तंबू. नळ्या धुवायचं काम धाकटीने आपणहून घेतलं. दुसऱ्याने धुतलेली नळी तोंडात घालणं तिला जमलं नसतं. भाड्याच्या नळ्या त्या, किती जणांच्या तोंडात जाऊन आल्या असतील देव जाणे. प्रत्येक नळीच्या टोकाला दातांत धरायचं मऊ रबर होतं. ती ते गोड्या पाण्यात साबण घालून, नाक दुसरीकडे करून, ब्रशने घासायची आणि उन्हात मांडून ठेवायची.

पहिल्या दिवशी दुपारी भावजींच्या नळीचं रबर तुटून तिच्या हातात आलं. दोन्ही बाजूंना आरपार चावलेलं. पहिल्यांदा पाण्यात उतरणारी माणसं घाबरून दात आवळतात हे तिला माहीत होतं, म्हणून तिने हसत विचारलं, भावजी, भीती वाटली काय? ते म्हणाले, छे, लक्षातच आलं नाही. जादा आणलेल्यांतलं एक नवं रबर तिने बसवून दिलं.

पाण्याखाली एक आवाज होता. डोकं पाण्यात घातलं की ऐकू यायचा, बाहेर काढलं की बंद. कुडुमकुडुम, कुडुमकुडुम, शेकडो तोंडांनी एकदम काहीतरी कडक चावल्यासारखा. मोठे हिरवे-निळे मासे खडकाला तोंड लावत, तुकडा तोडत, आणि थोडं पुढे जाऊन मागून पांढऱ्या धुराची लड सोडत. त्या लडीतून पोहत जावं लागलं की धाकटी श्वास धरायची. नाकावर काच होती, तोंडात नळी होती, तरी ती श्वास धरायची.

दुसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, ती पाण्यावर पालथी तरंगत होती. खाली दोन माणसांच्या उंचीइतक्या खोलीवर तिला भावजी दिसले. त्यांची नळी तोंडातून निघून कानाशी लोंबत होती. दोन्ही हातांनी त्यांनी खडक धरला होता आणि तोंड खडकाला टेकवलं होतं. एखाद्या बिळात बघत असतील, असं तिला वाटलं. पण बघणारा माणूस डोळे टेकवतो. ती वाट बघत राहिली. सवयीने तिने मनातल्या मनात सातचा पाढा म्हटला, मग आठचा, मग नऊचा. भावजींना जिना चढताना धाप लागायची. इतका वेळ श्वास ते कुठून आणत होते?

ते वर आले तेव्हा धापा टाकत नव्हते. काच कपाळावर सारून ते हसले आणि त्यांच्या ओठांतून दुधासारखं पांढरं पाणी हनुवटीवर ओघळलं.

“काय बघत होतात?” तिने विचारलं.

“कुठे काय,” भावजी म्हणाले. ते जरा गोंधळलेले दिसले. “आत्ता तर उतरलोय मी.”

३

त्या दुपारी जेवताना भावजींनी खिशातून रुमालात गुंडाळलेली छोटी कवळी काढून धाकटीसमोर ठेवली. खालच्या डाव्या बाजूला त्यांच्या दोन दाढा नव्हत्या, आणि ही दोन दाढांची, तारेच्या आकड्यांची कवळी धाकटीनेच आठ महिन्यांपूर्वी बनवली होती. एरवी ती त्यांच्या तोंडात चोख बसायची.

“बसत नाही गं,” ते म्हणाले. “सैल झाली म्हणशील तर तसंही नाही. जागाच नाही तिला.”

धाकटीने कवळी उन्हात धरून बघितली. तार वाकलेली नव्हती. मीठ, ऊन, हिरड्या सुजल्या असतील, असं काहीबाही ती बोलली. तोंड उघडा, बघते, असं म्हणणं साहजिक होतं. ते तिला म्हणवलं नाही. भावजींनीही तोंड उघडलं नाही. ब्रेडचा तुकडा त्यांनी ओठांतून आत सरकवला आणि मिटल्या तोंडाने खाऊ लागले. धाकटी त्यांच्या शेजारी बसली होती. ब्रेड खाताना होऊ नये असा आवाज येत होता.

नळ्या धुताना तिने त्यांचं रबर निरखून पाहिलं. हे तिचं रोजचं काम, यात तिची फसगत होणं शक्य नव्हतं. माणूस रबर चावतो तेव्हा प्रत्येक दाताचा वेगळा खळगा उमटतो आणि दोन खळग्यांच्या मध्ये रबर तसंच राहतं. दाढ नसेल तिथे काहीच उमटत नाही. या रबरावर एकच खाच होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सलग, सुरीचं पातं वाकवून दाबल्यासारखी. डावीकडे जिथे काही उमटायला नको होतं, तिथेही.

तिने मनाला समजावलं. सारखं चघळलं की खळगे एकमेकांत मिसळतील की नाही? खात्री करायला तिने आपल्या नळीचं रबर तोंडात धरलं आणि अर्धा तास, जबडा दुखेपर्यंत, जनावरासारखं चघळलं. काढून पाहिलं. तिचे सगळे दात सुटे सुटे उमटले होते.

मग दातांवर साठणाऱ्या किटणाचा विचार तिच्या मनात आला. वर्षानुवर्षं दात न घासणाऱ्यांच्या तोंडात किटण साठून दातांच्या फटी बुजतात, तसे साचे तिने पाहिले होते. पण त्याला वर्षं लागतात. भावजी बेटावर येऊन तीस तासही झाले नव्हते. आणि ते दिवसातून दोनदा दात घासत.

४

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईने तिला तंबूपाशी हाक मारली. भावजी केव्हाच पाण्यात गेले होते. ताईच्या हातात त्यांची झोपायची पिशवी होती, आतली बाजू बाहेर केलेली. आत सगळीकडे काहीतरी चिकटलं होतं. पातळ, पारदर्शक, दुधावरच्या सायीसारखं. ताई ते नखाने सोडवत होती आणि ते लांबच लांब पदरासारखं निघत होतं. वरच्या बाजूला ते फाटलेलं होतं, आतून बाहेर ढकलल्यासारखं. वास आला तो सुकत पडलेल्या शिंपल्यांचा, आणि त्याच्याखाली माणसाच्या तोंडाचा, सकाळचा.

“उन्हाचं मलम सांडलं असेल,” ताई म्हणाली. “मेलं चिकट किती आहे बघ. धर गं ते टोक.”

धाकटी झाडांमागे जाऊन ओकली. परत आली तेव्हा ताईने ते सगळं चोळामोळा करून कचऱ्याच्या पिशवीत भरलं होतं आणि हात पुसत होती. हे इथे आल्यापासून घोरत नाहीत, हेही तिने कौतुकाने सांगितलं. समुद्राची हवा मानवली म्हणाली.

तो आख्खा दिवस धाकटी पाण्यात उतरली नाही. किनाऱ्यावर बसूनच ती भावजींच्या डोक्याची काळी टाळू दिसते का बघत राहिली. ती क्वचित दिसायची. दुपारी त्यांनी जेवायला नको म्हटलं. संध्याकाळी ते बोलत होते, पण तोंड मिटून, हुंकारांनी. जो माणूस सिग्नलला उभा असतानाही गप्प बसत नसे तो मान हलवून कामं भागवत होता, आणि ताई म्हणत होती, चला, बावीस वर्षांत पहिल्यांदा माझी बोलायची पाळी आली.

चौथ्या दिवशी नावाडी आला. सामान होडीत गेलं, शेवटी पिंप. नावाड्याने ते उचलायला हात घातला आणि खाली ठेवलं. पिंप त्याला उचलेना. त्याने ते तिरकं केलं. आत काही डचमळलं नाही. सर्रकन् काहीतरी कोरडं घसरलं, रवा घसरावा तसं. त्याने झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि झाकण पुन्हा लावलं. मग तिघांच्या तोंडांकडे त्याने एकेक करून पाहिलं.

“यात वाळू भरू नका म्हणून सांगितलं होतं,” तो म्हणाला.

ताई चिडली. आम्ही काय लहान मुलं आहोत काय, कोण भरेल वाळू, असं तिने त्याला सुनावलं. भावजी समुद्राकडे बघत होते. धाकटीला त्यांचा गाल दिसत होता. तोंड बंद होतं आणि गाल आतून हळूहळू, एका लयीत, हलत होता.

५

घरी आल्यावर तीन आठवडे धाकटीने ताईकडे जाणं टाळलं. एका गुरुवारी, भर दुपारी, भावजी तिच्या लॅबमध्ये आले. तोंडावर रुमाल होता. त्यांनी दार आतून लावून घेतलं आणि साच्यांच्या मांडणीसमोरच्या स्टुलावर बसले. ते बारीक झाले होते. बोलले ते हळू, शब्द जिभेने चाचपून काढल्यासारखे.

न्हाणीघराची भिंत, म्हणाले. फरशीच्या वरचा गिलावा. तुझी ताई विचारते उंदीर लागलेत का. मला कळत नाही मी कधी करतो. तोंडात चुना लागला की कळतं. आणि नाही केलं तर ते वाढतं. ओठ मिटत नाहीत मग.

“डॉक्टरकडे जा,” धाकटी म्हणाली. “मी साचे करते, भावजी. माणसांना हात लावत नाही मी.”

“डॉक्टर तिला सांगतील.”

“सांगू देत. ताई काय काय बघते रोज. तिला काही वाटायचं नाही.”

“तेच तर,” भावजी म्हणाले. “बावीस वर्षांत तिला माझी कधी किळस आली नाही. आजारपणात नाही, कशातच नाही. तिला किळस आली, तर मी कुठे जाऊ?” मग त्यांनी हसायचा प्रयत्न केला. “तुला काय, तुला सगळ्यांचीच येते.”

त्यांनी रुमाल काढला आणि तोंड उघडलं.

धाकटीने आधी जे पाहिलं त्याची तिने तयारी केली होती. वरचे दात एक झाले होते आणि खालचे दात एक झाले होते. फट नाही, रेघ नाही. दोन वाकड्या पाती, मळकट निळसर रंगाची, कडेला खरखरीत. हिरडी त्यांच्यावर चढली होती, फणसाच्या गऱ्याला चीक चढावा तशी, आणि सगळं ओलं होतं, फार ओलं होतं, सायीच्या तारा वरून खाली लोंबत होत्या. तिने ओकारी गिळली. हातमोजे चढवले. साचे घासायचं हातमशीन सुरू केलं, चकती बसवली, आणि डावा अंगठा भावजींच्या ओठाखाली घातला.

पाऊण तास लागला. पांढरी भुकटी उडून दोघांच्या कपड्यांवर, भुवयांवर बसली. पाती घासून ओठांमागे जाण्याइतकी झाली. शेवटी कड बरोबर आली का हे बघायला तिने दिवा त्यांच्या तोंडात वळवला.

जिभेच्या मागे, घसा जिथे सुरू होतो तिथे, आणखी काहीतरी होतं. दोन लहान, पांढऱ्या, दाणेदार गोष्टी एकमेकींवर फिरत होत्या. भावजींचा जबडा स्थिर होता. त्यांनी श्वासही धरला होता. ते मात्र दळतच होतं. दिव्याचा उजेड पडला तसं ते थांबलं, आणि आत सरकलं.

तिने दिवा बंद केला. पुढच्या गुरुवारी या, म्हणाली.

६

असे नऊ गुरुवार गेले. नवव्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ताई आली. इस्पितळातून परस्पर आली होती, कामाचा पांढरा झगा अंगावर तसाच. ती बसली नाही.

“किती दिवस चाललंय?” तिने विचारलं.

ताई म्हणाली, दर गुरुवारी दुपारी गाडी इथे कोपऱ्यावर उभी असते. दार आतून लावलेलं असतं. घरी येतात ते अंगभर तुझ्या प्लास्टरची भुकटी घेऊन. मी कपडे धुते, धाकटे, जन्मभर कपडेच धुतलेत, कुठल्या कपड्यावर काय असतं ते मला शिकवू नकोस. माझ्याजवळ येत नाहीत. तोंड फिरवतात. तोंडाचा मुका घ्यायला गेले तर हाताने दूर करतात.

हे ऐकताना धाकटीच्या मनात हसू आलं, अगदी वेड्यासारखं. सगळ्या जगात एक माणूस असा नव्हता की ज्याचं तोंड तिला भावजींच्याहून नकोसं असेल. ताई, ती भुकटी प्लास्टरची नाही, दातांची आहे, असं म्हटलं की झालं. एवढंच वाक्य. ते म्हटलं असतं तर ताई तडक घरी गेली असती, नवऱ्याची हनुवटी धरून तिने दिव्याखाली तोंड उघडायला लावलं असतं. आणि दिवा आतपर्यंत गेला असता.

तिला भावजींचं ‘मी कुठे जाऊ’ आठवलं. मग तिला हेही वाटलं की राग माणसाला पचतो. ते जे मागे सरकलं होतं ते पचणार नाही. तिला स्वतःला नऊ आठवडे अन्न जात नव्हतं.

“बोल ना,” ताई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. “नाही म्हण. नाही म्हणालीस तर मी विश्वास ठेवीन.”

धाकटीने मान खाली घातली.

ताईने तिच्याकडे पाहिलं. धाकटीला वाटलं होतं रागाने पाहील, रडेल. पण ताईचा वरचा ओठ किंचित वर गेला आणि नाकपुड्या आक्रसल्या. इतकी वर्षं रक्ताच्या, पुवाच्या, गुवाच्या चादरी हाताळलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर धाकटीने हा भाव कधीच पाहिला नव्हता. तिला तो ओळखायला क्षणभर लागला. मग ताईने आपले दोन्ही हात झग्याला पुसले, इथे कशालाही हात लावला नसताना, आणि निघून गेली.

७

भावजी आता लॅबच्या मागच्या खोलीत राहतात, प्लास्टरच्या गोण्यांशेजारी. शेजारच्या दुकानदारांनी जे समजायचं ते समजून घेतलं आहे. डॉक्टरांची कामं कमी झाली, पण पोटापुरती येतात. ताईचा फोन लागत नाही. दोनदा धाकटी इस्पितळाच्या मागच्या दारापर्यंत जाऊन आली. आतून धुलाईच्या यंत्रांची घरघर येत होती, आणि ती तिथूनच परतली.

घासायचं काम आता दिवसाआड करावं लागतं. हातमोजे कडेला लागून फाटतात, आणि मोज्यातून कडेचा नीट अंदाजही येत नाही. महिनाभरापूर्वी तिने ते घालणं सोडलं. पहिल्या दिवशी तिने हात चार वेळा धुतले, दुसऱ्या दिवशी तीन वेळा.

आज सकाळीही तिने भावजींना खिडकीशी बसवलं. बाहेर रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती, कुणीतरी नवशिका गाडी बंद पाडत होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते. भावजींनी तिकडे कान दिला आणि क्लच, म्हणाले. तेवढं त्यांना अजून म्हणता येतं. तिने वरची कड घासली, खालची घासली. मागच्या कोपऱ्यात एक टोक राहिल्यासारखं वाटलं म्हणून तिने तर्जनी जिभेवरून आत घातली.

मागून काहीतरी पुढे आलं आणि त्याने तिचं बोट धरलं.

चावलं नाही. गरम, खरखरीत, दोन्ही बाजूंनी त्याने बोटाचं पेर धरलं आणि थोडं फिरवून पाहिलं, बाजारात माणूस शेंग मोडण्याआधी दाबून बघतो तसं. तिने डोळे वर केले. भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तोंड उघडंच ठेवून, मान हलवायची नाही हे सांभाळून, ते तिला नजरेने नाही, नाही म्हणत होते. हे मी नाही.

तिने उजव्या हाताने हातमशीन हळूच बंद केलं. खोलीत शांतता झाली, आणि ते बोट सोडेपर्यंत दोघंही हालचाल न करता, एकमेकांकडे बघत, बसून राहिले.